विश्लेषण : धुक्यातल्या जंगलाचा फोटो बिघडतो कुठे? कॅमेऱ्यात की एडिटिंगमध्ये?

ऑगस्टअखेरचा किंवा सप्टेंबरमधला कुठलाही रविवार घ्या. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागलेली असते. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एखादा फोटो ‘सेव्ह’ असतो. क्षितिजापर्यंत गुलाबी-जांभळी फुले, वर निळे आकाश आणि मध्येच शोभेपुरते धुके. पठारावर पाय ठेवल्यावर मात्र वीस पावलांवरचे झुडूपही दिसत नाही. अंगावर भुरभुर पाऊस, चष्म्यावर थेंब आणि समोर पांढरा पडदा. ‘फोटोत तर सगळं दिसत होतं,’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते.

तरीही फोटो काढले जातातच. ते राखाडी आणि मरगळलेले येतात. परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीवर बसून कुणीतरी एडिटिंग अॅपमधले ‘ऑटो’ किंवा ‘डीहेझ’ दाबतो. धुके गायब होते, झाडे पोपटी होतात, आकाशात चट्टे उमटतात. मग तोच फोटो ‘आजचा कास’ म्हणून फिरू लागतो आणि पुढच्या रविवारी निघणाऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये जाऊन बसतो.

यात चूक कॅमेऱ्याची, अॅपची की धुक्याची? बारावीपर्यंतच्या विज्ञानात याचे बरेचसे उत्तर सापडते. ते एकदा समजले की फोटो कधी काढायचा, कसा काढायचा, एडिट करताना हात कुठे थांबवायचा आणि समोर आलेला फोटो खरा आहे का, हे चारही प्रश्न सोपे होतात.

धुके पांढरे आणि दूरचा डोंगर निळा का?

धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. त्यात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असतात, साधारण १० ते २० मायक्रॉन व्यासाचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. म्हणजे थेंब प्रकाशलहरींच्या तुलनेत बराच मोठा. असा थेंब लाल, हिरवा, निळा असा भेद न करता सगळे रंग सारखेच विखुरतो, म्हणून धुके पांढरे दिसते. स्वच्छ हवेतले रेणू मात्र खूप लहान असतात आणि ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. त्यामुळे धुके नसलेल्या दिवशीही लांबची डोंगररांग निळसर दिसते.

हवामानशास्त्रात दृश्यमानता एक किलोमीटरपेक्षा कमी झाली की ‘धुके’ म्हणतात, त्याहून जास्त असेल तर विरळ धुके. सातारा आणि सांगलीत मात्र फोटो काढणाऱ्याला किमान तीन वेगवेगळ्या प्रकारच्या धूसरतेशी गाठ पडते.

पहिला प्रकार पावसाळी. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीला धडकते, वर चढते, थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. कास पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंच आहे, महाबळेश्वर त्याहून उंच. पावसाळ्यातले ढग याच उंचीवर असतात. कासला दिसणारे धुके म्हणजे आपण थेट ढगात उभे असतो. ते वाऱ्याबरोबर धावते. पाच मिनिटांत दरी दिसते आणि पुढच्या पाच मिनिटांत नाहीशी होते.

दुसरा प्रकार हिवाळी. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन रात्रभरात उष्णता गमावते. गार, जड हवा उतारावरून खाली सरकून खोऱ्यात साचते आणि पहाटे तिथे धुके धरते. हे धुके खाली असते, आपण वर. पाचगणीच्या टेबललँडवरून कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी पाहिले तर काही सकाळी दोन्ही दिसत नाहीत, फक्त पांढरा समुद्र आणि त्यातून वर आलेली डोंगरांची टोके दिसतात. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर याच दिवसांत पाण्यातून वाफ निघाल्यासारखे धुके तरंगते. पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने तसे होते.

तिसरा प्रकार फोटोत धुक्यासारखाच दिसतो, पण धुके नसतो. सांगली आणि साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की पाचट पेटवले जाते, गुऱ्हाळांची चुलाणे धगधगतात, वीटभट्ट्यांचा धूर असतो. तो थंड हवेखाली अडकून राहतो. हे धुरके. त्यातले कण थेंबांपेक्षा बरेच लहान असतात, म्हणून त्याला पिवळसर-तपकिरी झाक येते. कृष्णाकाठचा एखादा सूर्योदयाचा फोटो विनाकारण ‘सोनेरी’ आला असेल, तर त्यात पाचटाचाही वाटा असू शकतो.

दूरचे झाड फिकट होते म्हणजे नेमके काय होते?

जर्मन हवामानशास्त्रज्ञ हॅराल्ड कोश्मीडर यांनी १९२४ मध्ये याचे सूत्र मांडले. धुक्यातून पाहताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. झाडाकडून निघालेला प्रकाश वाटेत विखुरला जाऊन कमी होतो आणि त्याच वाटेवर धुक्याने विखुरलेला पांढरा प्रकाश त्यात मिसळतो. अंतर वाढेल तसा पहिला घटतो, दुसरा वाढतो. आणि ही घट सरळ रेषेत होत नाही, ती दर टप्प्याला ठरावीक पटीने होते.

आकड्यांत पाहू. समजा ठोसेघरच्या वाटेवर दृश्यमानता ३०० मीटर आहे. तर १०० मीटरवरच्या झाडाचा मूळ उठाव, म्हणजे कॉन्ट्रास्ट, सुमारे ३७ टक्के उरतो. २०० मीटरवरच्या झाडाचा १४ टक्के आणि ३०० मीटरवरच्याचा जेमतेम ५ टक्के. अगदी जवळचे जांभळाचे खोड मात्र जवळपास पूर्ण काळे दिसते.

धुक्यातला फोटो सुंदर दिसतो तो या उतरत्या पायऱ्यांमुळे. एरवी जंगलात सगळेच हिरवे आणि सगळेच गजबजलेले असते. पुढचे झाड कुठले, मागचे कुठले हे सपाट फोटोत कळत नाही. धुके प्रत्येक झाडाला त्याच्या अंतराप्रमाणे फिकटपणा देते आणि जंगलाला खोली येते. मोबाइलमध्ये ‘पोर्ट्रेट मोड’ जे काम हिशेब करून करतो, ते इथे हवेने आधीच करून ठेवलेले असते.

मग कॅमेरा गोंधळतो कुठे?

पहिली गडबड उजेडाच्या मापनात. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक असे गृहीत धरतो की समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी आहे. समोर सगळे पांढरे असले की त्याला वाटते उजेड फार झाला आणि तो फोटो अंधारा करतो. धुके सिमेंटसारखे दिसते ते यामुळेच. उपाय सोपा आहे. मोबाइलमध्ये जवळच्या खोडावर बोट टेकवा, दाबून धरून फोकस लॉक करा आणि उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१ ठेवा. मात्र धुक्यामागे सूर्य असेल तर इतके वर जाऊ नका. पूर्ण पांढऱ्या झालेल्या भागातून नंतर काहीही परत मिळत नाही.

दुसरी गडबड फोकसची. ऑटोफोकसला कडा लागतात आणि धुक्यात कडाच नसतात. लेन्स पुढे-मागे करत राहते आणि शेवटी भलतीकडेच थांबते. म्हणून चौकटीत एक तरी ठळक वस्तू हवी. वाकडे खोड, दगड, पायवाटेचे वळण, काहीही चालेल. फक्त पांढऱ्याचा फोटो कुणालाच जमत नाही.

तिसरी गडबड रंगाची. पहाटेच्या धुक्याला निळसर थंडपणा असतो. ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’ तो दोष समजून काढून टाकतो. प्रो मोड असेल तर तो ५,००० ते ५,५०० केल्विनवर स्थिर ठेवावा. एका सकाळचे सगळे फोटो मग एकाच सकाळचे वाटतात.

नव्या फोनमध्ये चौथी गडबडही आहे. एचडीआर आणि नाइट मोडमध्ये फोन एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकांवर बसवतो. धुके त्या दरम्यान सरकलेले असते. परिणामी फांद्यांभोवती पांढरी कड येते आणि पाने मेणाची दिसू लागतात. दाट सरकत्या धुक्यात हे मोड बंद केलेले बरे.

आणि सर्वांत साधी गोष्ट, जी सगळ्यात जास्त फोटो बिघडवते. एसी गाडीतून उतरल्याबरोबर गार लेन्सवर बाष्प जमते. ते पुसले की पुन्हा जमते. घाटात शेवटची दहा-पंधरा मिनिटे एसी बंद करून काच खाली घेतली तर हा त्रास होत नाही. खिशात चष्म्याचे कोरडे फडके ठेवावे. शर्टच्या टोकाने पुसलेल्या लेन्सवर जो तेलकट थर राहतो, त्याने सगळ्या फोटोंना जादाचे ‘धुके’ मिळते.

उजेडाची दिशाही महत्त्वाची. पाण्याचे थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात. सूर्य आपल्या पाठीशी असेल तर धुके मळकट, सपाट दिसते. सूर्य झाडामागे, आपल्यासमोर असेल तर तेच धुके उजळते आणि पानांमधून किरणांचे झोत उतरतात. पठारावर अनेक जण सवयीने सूर्याकडे पाठ करून उभे राहतात. अशा वेळी एकदा मागे वळून पाहायला हरकत नाही.

जायचे कुठे आणि कधी?

पश्चिम घाटाला २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणे आहेत. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. यातली पहिली तीन सातारा-सांगलीच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून आहेत. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. हे पर्यटनस्थळ असण्याआधी संरक्षित जंगल आहे. सांगली जिल्ह्यातून चांदोलीत शिराळा तालुक्यातल्या मणदूरच्या बाजूने जाता येते, पण पावसाळ्यात उद्यान पर्यटकांसाठी बंद असते. बामणोलीहून शिवसागर ओलांडून जाण्याचा वासोटाही पावसाळ्यात बंद असतो आणि एरवी वन विभागाची परवानगी घेऊनच जावे लागते. म्हणजे गाभ्यातल्या जंगलाचे पावसाळी धुके पर्यटकाच्या वाट्याला येत नाही. भर पावसात ‘चांदोलीच्या गाभ्यातून आत्ता’ असा फोटो दिसला, तर तो कुणी आणि कधी काढला हे विचारायला हवे.

पावसाळी धुक्यासाठी कास, ठोसेघर, पवनचक्क्यांचे चाळकेवाडी पठार, पाटण तालुक्यातले सडावाघापूर, महाबळेश्वरच्या वाटा आणि शिराळ्यातले गुढे-पाचगणी पठार ही खुली ठिकाणे आहेत. महाबळेश्वरच्या जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा, गेळा अशा झाडांची खोडे वाऱ्यापावसाने पिळवटलेली आणि शेवाळाने मढलेली असतात. धुक्यात त्यांच्यासारखा विषय दुसरा नाही.

सांगलीकरांना मात्र पश्चिमेकडे धाव घेण्याची दर वेळी गरज नाही. देवराष्ट्रेजवळचे सागरेश्वर अभयारण्य जेमतेम ११ चौरस किलोमीटरचे आहे. धों. म. मोहिते यांच्या पुढाकारातून उजाड डोंगरावर माणसांनी उभे केलेले हे जंगल. हिवाळ्यात सकाळी त्याच्या माथ्यावरून खाली कृष्णाकाठच्या उसाच्या शिवारावर धुके आणि धुरके दोन्ही शेजारी-शेजारी दिसू शकतात. पांढरे कुठले आणि पिवळट कुठले हे एका चौकटीत ओळखण्याचा सराव तिथे होतो.

घाटातल्या वळणावर गाडी थांबवून फोटो काढणे टाळावे, हे वेगळे सांगायला नको. पण दर पावसाळ्यात ते सांगावे लागते. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकालाही आपल्याइतकेच कमी दिसत असते. वनक्षेत्रात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि धुक्यात तर तो डोळ्यांआड जायला काही सेकंद पुरतात.

‘डीहेझ’ बटण नेमके काय करते?

काइमिंग हे, जियान सुन आणि शाओऊ तांग या तीन संशोधकांनी २००९ मध्ये एक निरीक्षण मांडले. धुके नसलेल्या, घराबाहेर काढलेल्या फोटोचा कुठलाही लहान तुकडा घ्या. आकाश सोडले, तर त्यात लाल, हिरवा, निळा यापैकी निदान एका रंगाची किंमत कुठे ना कुठे शून्याच्या जवळ असतेच. पानाची सावली, काळे खोड, लाल फूल असे काहीतरी त्यात सापडते. धुक्याच्या फोटोत मात्र तिन्ही रंगांत पांढरे मिसळल्याने ही किमान किंमत वर उचलली जाते. किती उचलली गेली, त्यावरून त्या तुकड्यात किती धुके आहे याचा अंदाज बांधायचा आणि तेवढे पांढरे वजा करायचे. ‘डार्क चॅनल प्रायर’ या नावाने ही पद्धत गाजली. त्या वर्षीच्या सीव्हीपीआर या संगणक-दृष्टीच्या मोठ्या परिषदेत तिला सर्वोत्तम शोधनिबंधाचा मान मिळाला. पुढे २०१५ मध्ये लाइटरूममध्ये ‘डीहेझ’ नावाची पट्टी आली आणि आज तशी सोय अनेक मोबाइल अॅपमध्ये आहे. प्रत्येक अॅपचे आतले गणित वेगळे असेल, पण धुके हा दोष आहे आणि तो काढायचा आहे, हे गृहीतक सगळीकडे सारखेच.

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यासाठी किंवा गाडीसाठी ते गृहीतक योग्य आहे. जंगलाच्या फोटोसाठी तेच अडचणीचे ठरते. आधीचा हिशेब आठवा. ३०० मीटरवरच्या झाडाचा ५ टक्केच उठाव उरला होता. तो पूर्ववत करायचा तर २० पट वाढवावा लागेल. त्याबरोबर सेन्सरचे दाणे, म्हणजे नॉइज, तोही २० पट वाढणार. दूरच्या झाडीत जी वाळू पसरल्यासारखी दिसते ती हीच. शिवाय पांढरा धबधबा किंवा पांढऱ्या फुलांचा ताटवा यात काळे काहीच नसते. अशा जागी ही पद्धत ‘इथे दाट धुके आहे’ असे समजून जे नाही ते पुसू पाहते. त्यामुळे धबधबा निळा पडतो आणि फुले मळकी होतात.

पाचटाच्या धुराने मातकट झालेल्या फोटोत थोडे डीहेझ, पट्टीवर १० ते १५ पर्यंत, उपयोगी पडते. धुक्याच्या फोटोत पट्टी शून्यावर असलेलीच बरी. काही वेळा ती किंचित उलट्या बाजूला, उणे पाचवर नेली तर डोळ्यांना दिसलेल्या दृश्याच्या अधिक जवळ जाता येते, कारण फोनने आपल्या मनाने केलेले ‘सुधारकाम’ त्याने थोडे मागे जाते.

मग एडिट करायचे तरी काय?

करायचे बरेच आहे, फक्त हलक्या हाताने. आधी शक्य असेल तर फोटो ‘रॉ’ स्वरूपात काढावा. कारण पुन्हा आकड्यांचे आहे. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. दूरच्या झाडीच्या वाट्याला त्यातले ५ टक्के, म्हणजे जेमतेम १३ पायऱ्या येतात. १२ बिटच्या रॉमध्ये एकूण ४,०९६ पायऱ्या असतात आणि त्याच झाडीला ढोबळमानाने २०० मिळतात. कॅमेऱ्याच्या १४ बिटच्या रॉमध्ये त्या ८०० च्या घरात जातात. एडिटिंग म्हणजे या पायऱ्या ताणणे. १३ पायऱ्या ताणल्या तर मधल्या फटी दिसणारच.

पहिले काम कर्व्हचे. संपूर्ण फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवू नका. कर्व्हचे अगदी खालचे टोक थोडे खाली घ्या, म्हणजे जवळचे खोड गडद होईल, आणि वरचा अर्धा भाग होता तिथेच राहू द्या. जवळचे ठळक झाले की मागचे आपोआप आणखी मऊ वाटते. ज्यांना कर्व्ह जमत नाही त्यांनी ‘ब्लॅक्स’ची पट्टी किंचित खाली आणावी. परिणाम जवळपास तोच.

दुसरे काम फक्त एका भागावर. स्नॅपसीडमधले ‘सिलेक्टिव्ह’ किंवा लाइटरूममधले मास्क वापरून ‘स्ट्रक्चर’, ‘क्लॅरिटी’ हे जवळच्या खोडापुरते, शेवाळापुरते वाढवता येते. धुक्याच्या भागावर ते लावले की कापसाचा दगड होतो.

तिसरे काम रंगाचे, आणि बहुतेकांचा फोटो इथेच हातातून जातो. पावसाळी हिरव्यात मुळातच पिवळा जास्त असतो. ‘सॅच्युरेशन’ वाढवले की तो विषारी पोपटी होतो. उलट हिरव्याचे सॅच्युरेशन ५ ते १० ने कमी करून पाहा, जंगल ओले दिसू लागते. कासच्या तेरड्याचा रंग प्रत्यक्षात नाजूक गुलाबी-जांभळट असतो. तो राणी रंगाचा दिसू लागला की पट्टी मागे घ्यायची वेळ झाली.

शेवटी दोन मिनिटे फोन बाजूला ठेवून परत पाहावे. भर उन्हात पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलेला फोटो घरी गेल्यावर वेगळाच दिसतो. आणि मूळ फाइल कधीच डिलीट करू नये.

व्हॉट्सअॅपवर गेल्यावर आकाशात पट्टे का येतात?

फोनमध्ये मऊ दिसणारे धुके पाठवल्यावर पट्ट्यापट्ट्यांचे होते, ही तक्रार सर्रास असते. फाइल लहान करताना अॅप डोळ्यांना सहज न जाणवणारे बारीक फरक आधी फेकून देते. गर्दीच्या फोटोत ते खपून जाते. धुक्यात मात्र बारीक फरकाशिवाय दुसरे काहीच नसते. पाठवताना ‘एचडी’ निवडल्यास नुकसान कमी होते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास फाइल जशीच्या तशी जाते.

पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलबरोबर फोटो काढल्याच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही जातात, जर कॅमेऱ्यात लोकेशन सुरू असेल तर. घराच्या फोटोत हा खासगीपणाचा प्रश्न. जंगलात तो एखाद्या दुर्मीळ आमरीचा किंवा घरट्याचा पत्ता असतो. पठारावर फुलांच्या मध्ये बसून काढलेल्या एका फोटोमागे तुडवलेली जागा किती मोठी असते, हे तिथे काम करणाऱ्या गावकऱ्यांना माहीत आहे. पठाराचे व्यवस्थापन वन विभाग आणि परिसरातल्या गावांची समिती मिळून पाहते. पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आली ती याच गर्दीमुळे. जंगलात शिरताना कॅमेऱ्याचे लोकेशन बंद करणे हा पाच सेकंदांचा उपाय आहे.

किती एडिट केले म्हणजे फोटो खोटा?

फोटोत हात घालणे नवे नाही. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी १८५० च्या दशकातच समुद्राची एक आणि ढगांची दुसरी निगेटिव्ह जोडून एक फोटो तयार केला होता. त्या काळच्या काचेवर दोन्ही एकत्र उमटतच नसत. डार्करूममध्ये एखादा भाग उजळ किंवा गडद करणे तर सगळेच करत. म्हणून ‘एडिट केला म्हणजे खोटा’ हे म्हणणे टिकत नाही.

पण मर्यादा आहे आणि ती कुठे आहे यावर वृत्तछायाचित्रणात बऱ्यापैकी एकमत आहे. उजेड, कॉन्ट्रास्ट, रंग यात माफक बदल चालतो. चौकटीत नसलेले काही आणणे किंवा असलेले काढणे चालत नाही. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेत २०१५ मध्ये उपांत्य फेरीत पोहोचलेल्या फोटोंपैकी २० टक्के फोटो याच कारणांनी बाद झाले होते. बाद करण्याआधी स्पर्धकांकडून मूळ फाइल मागवल्या गेल्या होत्या.

हौशी फोटोला असे नियम नाहीत, असावेत असेही नाही. भिंतीवर लावायच्या फोटोत कुणी चंद्र डकवला तर तो त्याचा प्रश्न. मात्र त्याखाली ‘कास, आज सकाळी ७’ असे लिहिले की फोटो माहिती बनतो आणि त्या माहितीवर कुणीतरी पुण्या-मुंबईहून गाडी काढतो. ढग बदलण्याची सोय फोटोशॉपमध्ये २०२० मध्ये आली. आता एका ओळीचा मजकूर लिहून संपूर्ण ‘सह्याद्री’ तयार होतो. काही फोनमध्ये अशा चित्राच्या कोपऱ्यात खूण उमटते, पण कोपरा कापायला कात्रीही लागत नाही.

ओळखायचे कसे? इथे कोश्मीडरचे सूत्र पुन्हा कामी येते. खऱ्या धुक्यात अंतर वाढेल तसा फिकटपणा वाढायलाच हवा. मागचा डोंगर पुढच्या झाडाहून गडद असेल तर काहीतरी चुकले आहे. अॅपने पसरलेले धुके बहुधा जवळच्या पानावर आणि दूरच्या कड्यावर सारखेच असते. दाट धुक्यात जमिनीवर धारदार सावल्या पडत नाहीत. आणि फुले. पुढची फुले भडक असतील तर पन्नास पावलांवरची निम्मी पांढुरकी दिसायला हवीत. क्षितिजापर्यंत तोच राणी रंग आणि वरून धुके, असे दृश्य कासच काय, जगातल्या कुठल्याच पठारावर दिसत नाही. चौथी खूण स्थानिकांना लगेच कळते. कासवर जांभ्याचा खडक आणि गुडघ्याखालची फुले असतात, ट्यूलिपसारखे उभे ताटवे नसतात.

एवढे तपासूनही शंका राहिली तर फोटो पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागावी. ज्याने स्वतः काढला असेल त्याच्याकडे ती असते, आणि तिच्या आगेमागे काढलेले दहा फसलेले फोटोही असतात.